अपग्रेडनंतर छापखान्याचे नेट गेले: दोष अपग्रेडचा की रीबूटचा?

गिरगावातील एका छापखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दोन नेटवर्क कार्डे असलेला एक सर्व्हर आहे. बाहेरच्या कार्डावर स्थानिक केबलवाल्याचे पीपीपीओई जोडणीचे (वापरकर्तानाव देऊन जोडायचे) इंटरनेट येते आणि आतल्या कार्डावरून ते डीटीपी विभागातील सर्व संगणकांना वाटले जाते. संगणकांना आयपी पत्ते देणे आणि नावांचे पत्ते शोधून देणे ही दोन्ही कामे त्याच सर्व्हरवरील डीएनएसमास्क करतो. प्लेट काढणारे एक जुने यंत्र एसएफटीपी या फाइली पाठवण्याच्या सुरक्षित पद्धतीने त्याच सर्व्हरवरून फाइली उचलते. त्यांनी शनिवारी रात्री डोंबिवलीहून, घरबसल्या एसएसएचने (दुरून सर्व्हर चालवण्याच्या सुरक्षित जोडणीने), डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर अपग्रेड केले. रीबूटनंतर चार तक्रारी उभ्या राहिल्या. सर्व्हरवर इंटरनेट आहे, पण संगणकांवर नाही. साध्या वापरकर्त्याने पिंग (दुसऱ्या यंत्राकडून उत्तर येते का, हे पाहणारा प्रोग्रॅम) केले की परवानगी नसल्याचा संदेश येतो. डीएनएसमास्क आपोआप सुरू होत नाही, हाताने सुरू केला की चालतो. आणि प्लेटच्या यंत्राला सर्व्हर जोडूनच घेत नाही. कोणाच्या तरी सल्ल्याने एक कमांड चालवल्यावर सोमवारी इंटरनेट आले, पण मंगळवारी सर्व्हर बंद-चालू झाल्यावर पुन्हा गेले. आता सरळ डेबियन १२ वर परत जावे का, असे त्यांनी विचारले आहे.

परत जाण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. डेबियनमध्ये वरच्या आवृत्तीवरून खालच्या आवृत्तीवर उतरण्याचा अधिकृत मार्ग नाही. पॅकेजे मागे ओढण्याचा प्रयत्न केला तर सी लायब्ररीपासून सगळे अर्धवट अवस्थेत अडकते. अपग्रेडपूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत घेतली असेल तर ती परत बसवणे, एवढाच परतीचा रस्ता असतो. शिवाय तुमच्या चार तक्रारींपैकी एकीलाही त्याची गरज नाही.

या चार तक्रारी एकाच दिवशी दिसल्या म्हणून त्या एकाच कारणाच्या आहेत असे समजू नका. अपग्रेडच्या रात्री दोन वेगळ्या घटना घडतात: पॅकेजे बदलतात आणि यंत्र रीबूट होते. जो सर्व्हर महिनोन्‌महिने अखंड चालू असतो, त्याच्यावर या काळात हाताने केलेल्या कितीतरी दुरुस्त्या केवळ मेमरीत असतात. कोणीतरी फायरवॉलचा नियम टाइप करून लावलेला असतो, एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते, एखादी फाइल बदललेली असते पण ती पुन्हा वाचली गेलेलीच नसते. रीबूट झाले की हे सगळे उघडे पडते आणि खापर मात्र नव्या आवृत्तीच्या डोक्यावर फुटते. म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो की अपग्रेड सुरू करण्यापूर्वी जुन्याच आवृत्तीवर एकदा रीबूट करा आणि छापखान्यातील एखाद्या संगणकावरून सर्व कामे होत आहेत ना, ते पाहा. त्या वेळी काही बंद पडले तर तो दोष आधीचा आहे हे तिथेच सिद्ध होते, आणि तुमच्या परिचयाच्या आवृत्तीवर तो शांतपणे दुरुस्त करता येतो. तुमच्या चार तक्रारींपैकी किमान एक, आणि बहुधा आणखी एखादी, या जातीची आहे.

सर्वांत आधी पिंगचा प्रश्न निकालात काढू, कारण त्याचा नेटवर्कशी संबंधच नाही आणि तो तपासाची दिशा चुकवतो. डेबियन १३ मध्ये पिंग या प्रोग्रॅमला पूर्वीसारखा कच्चे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) पाठवण्याचा विशेष अधिकार दिलेला नाही. तो आता वेगळ्या प्रकारचे सॉकेट वापरतो आणि ते कोणत्या गटातील वापरकर्त्यांना उघडता येईल, हे कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, 'पिंग_ग्रुप_रेंज' ही किंमत ठरवते. ती किंमत 'लिनक्स-सिससीटीएल-डिफॉल्ट्स' नावाचे पॅकेज ठरवून देते. अपग्रेडच्या काही वाटांनी हे पॅकेज आपोआप बसत नाही. ते बसवा, सर्व्हर रीबूट करा, प्रश्न संपला. तोपर्यंत सूडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून पिंग करा. परवानगी नसल्याचा संदेश आणि उत्तर न येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्यात पॅकेट यंत्राबाहेर गेलेलेच नसते. तपासाचे साधनच बदललेले असताना त्याच्या भरवशावर केबल, स्विच आणि केबलवाला यांच्यामागे लागणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता मुख्य दुखणे, म्हणजे संगणकांचे इंटरनेट. एका कार्डावर आलेले पॅकेट दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवण्याची परवानगी लिनक्स कर्नलला स्पष्टपणे द्यावी लागते. ती 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' या किमतीने मिळते: १ असेल तर पॅकेट पुढे जाते, ० असेल तर तिथेच टाकून दिले जाते. वर्षानुवर्षे ही ओळ '/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ' या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत होती आणि इंटरनेटवरील जवळपास प्रत्येक जुन्या मार्गदर्शनात तेच सापडते. डेबियन १३ मध्ये सुरू होताना ही फाइल वाचलीच जात नाही. फाइल जागेवर असते, ओळ जागेवर असते, उघडून पाहिले तर सगळे बरोबर दिसते, आणि तरीही कर्नलमध्ये किंमत ० असते. ही गोष्ट आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात लिहिलेली आहे, पण लक्षण आणि कारण यांच्यात इतके अंतर आहे की टिपण न वाचता तिथपर्यंत पोहोचणे अवघड जाते.

सोमवारी तुम्हाला मिळालेला सल्ला कोणता असेल, याचाही उलगडा यातून होतो. 'सिससीटीएल -पी' ही कमांड हाताने चालवली की ती आजही तीच जुनी फाइल वाचते. म्हणून किंमत १ होते, सगळे संगणक इंटरनेटवर येतात आणि दोष सुटला असे वाटते. मंगळवारी सुरू होताना पुन्हा कोणीच ती फाइल वाचली नाही. यावरचा कायमचा उपाय असा: '/ईटीसी/सिससीटीएल.डी' या निर्देशिकेत '९०-गेटवे.कॉन्फ' अशी नवी फाइल करा आणि जुन्या फाइलमधील फक्त ज्या ओळी खरोखर लागू होत्या, म्हणजे ज्यांच्यापुढे हॅशचे चिन्ह नाही, तेवढ्याच तिच्यात आणा. नावाच्या शेवटी '.कॉन्फ' असलेच पाहिजे, नाहीतर ती फाइलही दुर्लक्षिली जाते. मग तपासणीसाठी 'सिससीटीएल -पी' वापरू नका; 'सिस्टमडी-सिससीटीएल' ही सेवाच पुन्हा सुरू करा, कारण यंत्र चालू होताना तीच सेवा हे काम करते.

मात्र हेच कारण आहे असे माझ्या सांगण्यावरून मानू नका, पॅकेट डोळ्यांनी पाहा. डीटीपीच्या एका संगणकावरून, समजा त्याचा पत्ता १९२.१६८.१०.२५ आहे, ९.९.९.९ या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवा. सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. एकीत आतल्या कार्डावर आणि दुसरीत बाहेरच्या 'पीपीपी०' या जोडणीवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्रॅम) लावा आणि दोन्हीकडे फक्त आयसीएमपी, म्हणजे पिंगची, पॅकेट दाखवायला सांगा. आतल्या कार्डावर काहीच दिसत नसेल तर दोष सर्व्हरच्या अलीकडे, म्हणजे संगणकाचा पत्ता, त्याचा गेटवे किंवा केबल यांत आहे. आत दिसते आणि बाहेर काहीच निघत नाही, असे असेल तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फायरवॉल ते पॅकेट अडवत आहे. बाहेर निघते, पण पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून १९२.१६८.१०.२५ हाच दिसतो, असे असेल तर पत्ता बदलून देणारा नॅटचा नियम लागू झालेला नाही. खासगी पत्त्याला बाहेरच्या जगातून उत्तर येणे शक्य नाही. आणि पत्ता बदलून पॅकेट बाहेर जाते पण उत्तर येत नाही, असे दिसले तरच केबलवाल्याला फोन करा. पाच मिनिटांची ही पाहणी दिवसभराच्या तर्कवितर्कांपेक्षा जास्त सांगते आणि फोनवर पलीकडच्या माणसाला काय सांगायचे हेही तुमच्या हातात ठेवते.

फॉरवर्डिंग सुरू केल्यावर पॅकेट बाहेर जाऊ लागले, पण खासगी पत्त्यानेच जाऊ लागले, असे दिसले तर पुढची गोष्ट तपासा, कारण पीपीपीओई असलेल्या सर्व्हरवर ती वारंवार आढळते. एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, नियमांत बाहेरच्या जोडणीचा उल्लेख दोन प्रकारे करता येतो. 'ओआयएफ' असे लिहिले तर नियम भरताना ती जोडणी प्रत्यक्ष अस्तित्वात असावी लागते. 'ओआयएफनेम' असे लिहिले तर फक्त नाव जुळवले जाते आणि जोडणी नंतर आली तरी चालते. यंत्र सुरू होताना फायरवॉलचे नियम आधी भरले जातात आणि 'पीपीपी०' मागाहून उगवते. त्यामुळे 'ओआयएफ' लिहिलेल्या ओळीवर त्रुटी येते, आणि नियमांची फाइल एकतर पूर्ण लागू होते किंवा अजिबात होत नाही, म्हणून त्या एका ओळीपायी तिच्यातील एकही नियम लागू होत नाही. हाताने भरली तेव्हा 'पीपीपी०' चालू होते, म्हणून ती फाइल तेव्हा बिनतक्रार चालली होती. हा दोष अपग्रेडचा नाही, रीबूटचा आहे. आणि तो गंभीर आहे, कारण अशा वेळी सर्व्हर इंटरनेटवर कोणत्याही फायरवॉलशिवाय उघडा उभा असतो. 'एनएफटी लिस्ट रुलसेट' ही कमांड आजच चालवा. उत्तर रिकामे आले तर बाकीची कामे थांबवून हे आधी दुरुस्त करा.

दुरुस्ती घरून एसएसएचने करणार असाल तर एक खबरदारी घ्या. नवे नियम लावण्यापूर्वी 'सिस्टमडी-रन' वापरून दहा मिनिटांनी जुने, चालू असलेले नियम आपोआप परत भरले जातील अशी व्यवस्था करून ठेवा. नव्या नियमांनी तुमचीच जोडणी तोडली तर दहा मिनिटे थांबायचे, एवढेच. नाहीतर शेवटची लोकल गेल्यावर डोंबिवलीहून गिरगाव गाठायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. सगळे नीट चालले की ते ठरवलेले काम आठवणीने रद्द करा.

नियम पुन्हा लिहिताना टीसीपीच्या एमएसएसची (एका पॅकेटमध्ये किती माहिती भरायची, त्या मर्यादेची) ओळ राहून गेलेली नाही ना, तेही पाहा. पीपीपीओईचे आवरण आठ बाइट घेते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटांचेच पॅकेट जाऊ शकते आणि एमएसएस १४५२ वर आणावा लागतो. ही ओळ नसेल तर काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट उघडून थांबतात, आणि ग्राहकाने पाठवलेली मोठी पीडीएफ उतरतच नाही. खात्री करायची असेल तर पॅकेटचे तुकडे करू नका अशा सूचनेसह १४६४ बाइटांचे पिंग पाठवा. ते गेले पाहिजे आणि १४६५ चे अडले पाहिजे.

डीएनएसमास्कबाबत तुम्ही स्वतःच सर्वांत उपयोगी माहिती दिली आहे: हाताने सुरू केला की तो चालतो. डेबियन १३ मध्ये काही यंत्रांवर नेटवर्क कार्डांची नावे बदलू शकतात, म्हणून पहिली शंका तिकडेच जाते. परंतु नाव बदलले असते तर हातानेही तो सुरू झाला नसता. म्हणजे नाव बरोबर आहे आणि वेळ चुकत आहे. 'जर्नलसीटीएल' कमांडने या रीबूटपासूनच्या डीएनएसमास्कच्या नोंदी काढा. तिथे अमुक इंटरफेस ओळखीचा नाही, अशा अर्थाची ओळ असेल आणि तिच्यानंतर काही क्षणांनी आतले कार्ड जागे झाल्याची कर्नलची नोंद असेल. '/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' या फाइलमध्ये आतल्या कार्डापुढे 'अलाऊ-हॉटप्लग' लिहिलेले आहे का ते बघा. तसे असेल तर ते कार्ड सापडेल तेव्हा जोडले जाते आणि नेटवर्क सुरू करणारी सेवा त्याच्यासाठी थांबत नाही. 'नेटवर्क.टार्गेट' गाठले म्हणजे पत्ते मिळून नेटवर्क तयार झाले, असा अनेकांचा समज असतो. तसा त्याचा अर्थ नाही. कायम बसवलेल्या कार्डासाठी 'अलाऊ-हॉटप्लग' ऐवजी 'ऑटो' लिहा. त्याबरोबरच डीएनएसमास्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'बाइंड-इंटरफेसेस' ऐवजी 'बाइंड-डायनॅमिक' ठेवा, म्हणजे कार्ड उशिरा आले तरी तो त्याच्यावर जाऊन बसतो. सुरू होण्यापूर्वी दहा सेकंद झोपायला लावण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो करू नका. एखाद्या दिवशी कार्डाला अकरा सेकंद लागतील.

प्लेटच्या यंत्राची गोष्ट मात्र खरोखर नव्या आवृत्तीमुळे झालेली आहे. डेबियन १३ मध्ये एसएसएचचा सर्व्हर म्हणून ओपनएसएसएच १०.० आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून सर्व्हरच्या बाजूला 'डिफी-हेलमन-ग्रुप' या नावाने सुरू होणाऱ्या किल्ली-देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धती मूळ यादीतून काढल्या आहेत आणि डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचा आधार तर पूर्णच संपवला आहे. तुमच्या यंत्रातील एसएफटीपीला या जुन्या पद्धतींपलीकडे काही येत नसावे. सर्व्हरच्या नोंदींत देवाणघेवाणीची जुळणारी पद्धत सापडली नाही, अशा अर्थाची ओळ सापडेल आणि तिच्याच शेवटी त्या यंत्राने देऊ केलेल्या पद्धतींची यादी असेल. ती यादी जपून ठेवा. कॉन्फिगरेशनमध्ये 'एसएसएच-आरएसए' या जुन्या प्रकारच्या सह्यांना मुभा देणारी जुनी ओळ सापडली तर नवल वाटू देऊ नका. ओपनएसएसएचच्या २०२१ मधील ८.८ या आवृत्तीत त्या सह्या बंद झाल्यापासून अशी यंत्रे चालू ठेवायला ती ओळ घालावी लागते.

यावर तीच जुनी पद्धत सर्वांसाठी पुन्हा उघडणे हा सोपा उपाय आहे, पण मी तो सुचवणार नाही, कारण मग घरून येणाऱ्या तुमच्या स्वतःच्या जोडणीलाही तो दरवाजा उघडा होतो. ही मुभा 'मॅच' लावून एका पत्त्यापुरती देता येत नाही, कारण देवाणघेवाणीची पद्धत 'मॅच' च्या चौकटीत लिहिता येत नाही. म्हणून एसएसएच सर्व्हरची दुसरी प्रत वेगळ्या पोर्टवर चालवा, तिला स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल द्या, ती फक्त आतल्या कार्डाच्या पत्त्यावर ऐकेल असे करा, प्लेटच्या यंत्राचे एकच खाते तिच्यात येऊ द्या आणि ते खाते फाइलींच्या एका निर्देशिकेत कोंडून ठेवा. त्या यंत्राच्या यादीतील जी पद्धत त्यातल्या त्यात बरी असेल, शक्यतो एसएचए-२५६ वर आधारलेली, तेवढीच जोडा. सेवा सुरू करण्यापूर्वी 'एसएसएचडी -टी' (लहान टी) ला ती फाइल देऊन तपासून घ्या. कॅपिटल टी वापरला तर प्रत्यक्षात लागू होणाऱ्या सर्व किमती छापून येतात. ही छापील यादी महत्त्वाची आहे, कारण एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एखादी किंमत दोनदा लिहिली असेल तर पहिली धरली जाते, आणि डेबियनमध्ये 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या निर्देशिकेतील फाइली मुख्य फाइलमधील ओळींच्या आधी वाचल्या जातात.

एसएसएचवरून अपग्रेड करणाऱ्या इतरांसाठीही थोडे सांगतो. डेबियन १२ त्याच्या शेवटच्या सुधारणांपर्यंत आणल्याशिवाय पुढची पायरी चढू नका; त्या सुधारणांत एसएसएच सर्व्हरची अशी दुरुस्ती आहे की अपग्रेड अर्ध्यावर असताना जोडणी तुटली तरी पुन्हा आत येता येते. सगळे काम टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत करा. अपग्रेडपूर्वी पत्ते, मार्ग, फायरवॉलचे नियम, ऐकणारी पोर्टे आणि 'सिससीटीएल -ए' चे संपूर्ण उत्तर पाच फाइलींत साठवा. नंतर तीच माहिती पुन्हा काढून 'डिफ' लावा, म्हणजे दोन्हींतील फरक दिसेल. तुमच्याकडे अशी जुनी नोंद असती तर 'आयपी_फॉरवर्ड' ची बदललेली किंमत सोमवारी सकाळीच दिसली असती. आणि डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे, तेव्हा दिवाळी अंकांची छपाई चालू असताना असे काम काढण्याचे काहीच कारण नाही.

तुमच्या सर्व्हरवर आता कामाचा क्रम असा ठेवा: आधी फायरवॉल, मग फॉरवर्डिंग, मग डीएनएसमास्क, शेवटी प्लेटचे यंत्र. प्रत्येक दुरुस्तीनंतर रीबूट करा आणि तपासणी सर्व्हरवर बसून नव्हे, तर डीटीपीच्या संगणकावरून करा. एवढे करूनही इंटरनेट आले नाही तर दोन्ही कार्डांवरील टीसीपीडंपच्या पहिल्या वीस ओळी, 'एनएफटी लिस्ट रुलसेट' चे पूर्ण उत्तर आणि 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' ची यादी पाठवा. सार्वजनिक आयपी पत्ता आणि पीपीपीओईचे वापरकर्तानाव त्यांतून आधी खोडून टाका.